रील हजारोंनी पाहिली, मग गिऱ्हाईक कुठे आहे?

प्रश्न : उमरग्यात आमचे कापडाचे दुकान आहे, वडिलांनी काढलेले. लग्नाचा बस्ता, साड्या, आहेराचे कपडे हा मुख्य धंदा. मुलाने साड्यांची रील करून इन्स्टाग्रामवर टाकली. हजारो लोकांनी पाहिली, बदामही भरपूर पडले, पण रील पाहून दुकानात आलेले एकही गिऱ्हाईक मला आठवत नाही. त्यात रोज फोन येतात, ‘तुमचे दुकान गुगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, वर्षाचे पैसे भरा.’ व्हॉट्सॲपवर दोनशे जणांना मेसेज पाठवतो, तोही बऱ्याच जणांना मिळत नाही. लोक एवढे पाहतात तर येत का नाहीत? आणि या फोनवाल्यांना पैसे द्यावेत का?
– एक कापड व्यापारी, उमरगा

उत्तर : तुमच्या पत्रात तीन निरनिराळी कोडी एकमेकांत गुंतली आहेत, त्यामुळे गोंधळ होणे साहजिक आहे. एकेक सोडवू. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आधी देऊन टाकतो : फोनवाल्यांना पैसे देऊ नका. का ते पुढे येईलच.

आधी रील. जून 2020 अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केली. रीलची रचनाच अशी आहे की ती तुम्हाला ओळखणाऱ्यांपेक्षा अनोळखी लोकांपुढे जास्त जाते. हे अनोळखी लोक कोण? ज्यांनी याआधी साड्यांचे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले, बदाम दिले, मैत्रिणीला पाठवले, असे. ते कुठे राहतात याला या हिशेबात फारसे महत्त्व नाही. म्हणून तुमची रील जळगावात, इंदुरात, सुरतेत पाहिली गेली असणार. त्या बायकांना साडी खरोखरच आवडलीही असेल. पण साडी आवडणे वेगळे आणि ती घ्यायला उमरग्याची गाडी पकडणे वेगळे. शिवाय पडद्यावरून क्षणभर सरकून गेलेली रीलही ‘पाहिली’ म्हणूनच मोजली जाते. आकडा खोटा नाही, फक्त त्यात तुमचे गिऱ्हाईक किती आहे हे त्यावरून कळत नाही.

आता तुमचे गिऱ्हाईक कसे वागते ते पाहू. बस्ता म्हणजे घरातली दहा-बारा माणसे, एक जीप आणि अख्खा दिवस. आदल्या दोन-चार दिवसांत घरात एकच चर्चा असते : सोलापूरला जायचे, लातूरला जायचे, की इथेच उरकायचे? म्हणजे तुमची खरी स्पर्धा शेजारच्या दुकानाशी नाही, सोलापूरच्या बाजारपेठेशी आहे. या चर्चेत घरातले कोणीतरी तरुण फोन हातात घेते आणि विचारते. हल्ली टाइपही करत नाही, बोलते. मराठी बोलून टाइप करण्याची सोय गुगलने ऑगस्ट 2017 मध्ये आणली. तेव्हापासून ज्यांचा हात की-बोर्डवर बसत नाही त्या आजीसुद्धा फोनला विचारू लागल्या आहेत, ‘उमरग्यात पैठणी कुठं मिळते?’ या एका प्रश्नाच्या वेळी तुमचे नाव, रस्ता, फोन आणि दुकान उघडे आहे की बंद एवढे पडद्यावर आले पाहिजे. रील पाहणाऱ्या हजारो जणांपेक्षा हा प्रश्न विचारणारे दहा जण तुमच्या धंद्याला जास्त मोलाचे आहेत, कारण त्यांनी खरेदी करायची हे आधीच ठरवलेले असते.

मग गुगल नावे वर-खाली कशी लावते? उमरग्याच्या बसस्थानकावर परगावच्या माणसाने पानवाल्याला ‘साड्यांचे दुकान कुठे?’ असे विचारले, तर पानवाला जे करेल तेच. तो आधी पाहतो की माणूस नेमके काय मागतो आहे. मग जवळ काय आहे ते आठवतो. आणि जवळच्यांतही ज्याचे नाव चार लोकांच्या तोंडी आहे ते आधी सांगतो. गुगलने स्वतःही हेच तीन निकष जाहीर केले आहेत : मागणीशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. पैसे घेऊन या यादीत कोणाला वर चढवले जात नाही, हेही गुगलने स्पष्ट सांगितले आहे. जाहिरातीच्या जागा विकत मिळतात, पण त्यांच्यावर तसे लिहिलेले असते आणि पैसे संपले की त्या जातात. म्हणजे ‘पहिला नंबर’ विकणारा माणूस त्याच्या हातात नसलेली वस्तू विकतो आहे. तो गुगलचे नाव घेऊन बोलत असेल तर फोन ठेवून द्या.

जे करायचे ते फुकट आहे. गुगलवर धंद्याची नोंद करण्याची सोय आहे. 2014 पासून तिला ‘गुगल माय बिझनेस’ म्हणत, 2021 पासून ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. नोंद केली की दुकान खरे आहे याची पडताळणी होते. पूर्वी त्यासाठी टपालाने कार्ड यायचे, आता बहुतेकांना व्हिडिओ मागतात. तो कसा काढायचा याची अनेकांना धास्ती वाटते, म्हणून सविस्तर सांगतो. फोन हातात घेऊन रस्त्यावर उभे राहा. आधी रस्ता आणि शेजारची एक-दोन दुकाने येऊ द्या, मग तुमची पाटी, मग कुलूप उघडताना किंवा शटर वर सारताना तुमचा हात, मग आत जाऊन गल्ला, कपाटे, ठेवलेला माल. मध्ये कुठेही न थांबवता, एका दमात. दुकान तिथेच आहे आणि ते उघडण्याचा हक्क तुम्हाला आहे, एवढेच त्यातून दिसायला हवे. चेहरा दाखवावा लागत नाही.

नोंद झालेली असूनही दुकान सापडत नाही, अशी तक्रार पुष्कळांची असते. त्याची कारणे बहुधा साधी निघतात. एक म्हणजे गावाचे नाव. इंग्रजीत उमरगा ‘यू’पासूनही लिहिले जाते आणि ‘ओ’पासूनही. त्यातच गुजरातेत वलसाड जिल्ह्यात उमरगाम आहे. पत्ता हाताने टाइप करताना एखादे अक्षर चुकले की नकाशावरची खूण भलतीकडे जाते. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच. 2023 मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण कुठे जुने नाव आहे, कुठे नवे. म्हणून पत्त्यावर विसंबू नका. पिनकोड 413606 नीट टाका आणि नकाशा मोठा करून खूण बोटाने ओढून अगदी तुमच्या दारात आणून ठेवा. पुणे-हैदराबाद महामार्गाने येणारा माणूस पत्ता वाचत नाही, खुणेकडे गाडी वळवतो. खूण रस्त्याच्या पलीकडे पडली असेल तर तो पुढे निघून जाईल आणि परत वळणार नाही.

दुसरे कारण म्हणजे प्रकार. नोंद करताना ‘कपड्यांचे दुकान’ असे ढोबळ निवडले जाते. तुमचा मुख्य माल साड्या असेल तर मुख्य प्रकार ‘साडीचे दुकान’ ठेवा आणि बाकीचे दुय्यम म्हणून जोडा. काही जण दुकानाच्या नावातच ‘उमरग्यातील सर्वांत स्वस्त बस्ता’ असे घुसडतात. पाटीवर जे नाव आहे तेच टाकायचे असा नियम आहे. तो मोडला तर नोंद बंद पडू शकते, आणि नेमकी ऐन लग्नसराईत बंद पडली तर ती पुन्हा सुरू करून घेण्यात हंगाम निघून जातो. अभिप्रायांचेही तसेच. ‘पाच तारे द्या, शंभर रुपये सूट घ्या’ हे गुगलच्या नियमात बसत नाही. बिल करताना तोंडाने विनंती करणे मात्र बसते, आणि आपल्याकडे तोंडाने सांगितलेले लोक ऐकतात. कोणी वाईट लिहिले तर त्याखाली शांतपणे उत्तर द्या. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे गिऱ्हाईक जास्त काळजीने वाचते.

एक सावधगिरी. नोंद दुसऱ्याकडून करून घेतली असेल तर ती कोणाच्या ईमेलवर आहे ते आजच विचारा. करून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, पासवर्ड त्याच्याकडे आणि दुकानाचा बदललेला फोन नंबर मात्र कोणालाच टाकता येत नाही, अशी परिस्थिती गावोगाव आहे. मालकी स्वतःच्या ईमेलवर घ्या, त्याला हवे तर व्यवस्थापक म्हणून ठेवा. संपर्कच तुटला असेल तर गुगलकडे मालकीची मागणी करण्याची सोय आहे.

आता व्हॉट्सॲप. इथे तुमची चूक नाही, यंत्राचा एक नियम तुम्हाला कोणी सांगितलेला नाही. ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज फक्त त्यालाच पोहोचतो, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. तुमच्याकडे त्याचा नंबर असून उपयोग नाही, त्याच्याकडे तुमचा हवा. दोनशे जणांच्या यादीत साठ जणांनी तुमचा नंबर सेव्ह केला असेल, तर मेसेज साठांनाच जातो आणि बाकीच्यांना कधी कळतही नाही. स्टेटस दिसण्यासाठीही दोन्हीकडे नंबर सेव्ह असावे लागतात. म्हणून सगळे काम गल्ल्यापाशी आहे. बिल देताना म्हणा, ‘ताई, आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, नवा माल आला की फोटो पाठवतो.’ पिशवीवर नंबर मोठ्या आकड्यांत छापा.

यावर लोक पळवाट म्हणून ग्रुप काढतात. तो काढू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. तुमच्या गिऱ्हाइकांत बायका जास्त, आणि त्यांचा नंबर अनोळखी चारशे माणसांपुढे उघडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या मुकाट्याने ग्रुप सोडतात आणि दुकानही सोडतात.

व्हॉट्सॲपचे धंद्यासाठीचे वेगळे ॲप जानेवारी 2018 पासून आहे, तेही फुकट. त्यात दुकानाची वेळ, पत्ता, मालाची फोटोयादी ठेवता येते आणि गिऱ्हाइकांना लेबल लावता येते. तुमच्या धंद्याला लेबल फार उपयोगी आहे. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते. ज्यांच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे त्यांना ‘बस्ता’, ज्या दर दिवाळीला येतात त्यांना ‘दिवाळी’, असे लेबल लावा आणि ज्याचे त्यालाच पाठवा. रोज सगळ्यांना सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात, आणि फार जणांनी ब्लॉक केले तर व्हॉट्सॲप खात्यावर निर्बंध आणते.

फोटोबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत मोरपंखी रंग निळा दिसतो आणि डाळिंबी तपकिरी. सकाळी दाराशी, ऊन थेट न येणाऱ्या उजेडात साडी धरा. एक फोटो पदराचा, एक काठाचा जवळून, एक ब्लाउजपीससह पूर्ण साडीचा. खाली किंमत लिहा. ‘किमतीसाठी संपर्क साधा’ हे वाक्य माझ्या मते छोट्या दुकानाचे सर्वांत जास्त नुकसान करते. विचारायला संकोचणारी बाई विचारतच नाही. ती किंमत लिहिलेल्या दुसऱ्या दुकानाकडे जाते.

मग रील आणि जाहिरात सगळे सोडून द्यायचे का? नाही. मुलाला रील करू द्या, फक्त त्यात पहिल्याच वाक्यात ‘उमरगा’ म्हणायला सांगा. पुण्याला, मुंबईला, हैदराबादला गेलेली आपल्या भागातली माणसे लग्नाला गावीच येतात. गावाचे नाव ऐकून ती थांबतात आणि घरी फोन करून सांगतात. पैसे घालायचेच असतील तर ‘बूस्ट’चे बटण दाबून मोकळे होऊ नका. हे यंत्र तुम्ही जे मागता तेच देते. लाइक मागितले तर लाइक देणारी माणसे शोधून आणते, त्यांना साडी घ्यायची असो वा नसो. तिथे ‘व्हॉट्सॲपवर संदेश’ हे उद्दिष्ट निवडा, दुकानावर खूण ठेवून भोवती लोहारा, निलंगा, आळंद, बसवकल्याण येईल एवढे वर्तुळ आखा आणि जाहिरात लग्नसराईच्या तोंडावर थोडेच दिवस चालवा. रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो हे धरूनच हिशेब करा. किती लोकांनी पाहिले हा आकडा वहीत लिहू नका. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमचं नाव कुठून कळलं?’ एवढे विचारा आणि ते लिहा. एका हंगामात तुम्हाला तुमच्याच वहीतून उत्तर मिळेल.

प्रश्न : आमचे किराणा दुकान आहे. क्यूआरवर पैसे घेतले की सरकारला सगळे कळते आणि जीएसटीची नोटीस येते, असे ऐकले. शेजारी कर्नाटकात दुकानदारांनी क्यूआर काढून टाकले म्हणतात. आम्हीही काढावेत का?
– एक दुकानदार, मुरूम

उत्तर : ऐकलेले अर्धे खरे आहे, आणि भीती त्या अर्ध्यातूनच येते. जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून अनेक छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या. बंगळुरूत चहावाल्यांपासून बेकरीवाल्यांपर्यंत अनेकांनी ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. मोठा विरोध झाल्यावर सरकारने जुन्या वसुलीबाबत माघार घेतली आणि नोंदणीवर भर देण्याचे ठरवले.

पण कर क्यूआरमुळे लागत नाही, उलाढालीमुळे लागतो. आपल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, सेवा देणाऱ्याला 20 लाखांच्या वर. ही उलाढाल रोख आणि यूपीआय मिळून धरतात. 50 लाखांचा धंदा रोखीत केला तरी नोंदणी लागतेच, आणि 15 लाखांचा धंदा सगळा क्यूआरवर केला तरी नुसत्या क्यूआरमुळे ती लागत नाही. फक्त करमुक्त माल, म्हणजे ताजी भाजी, फळे, सुटे दूध असे विकणाऱ्याला तर मर्यादा ओलांडली तरी नोंदणीची सक्ती नाही. किराण्यात करपात्र मालही असतो, तेव्हा तुम्हाला ही सवलत नाही.

घोटाळा होतो तो दुसरीकडे. दुकानाच्या क्यूआरवरच भाच्याने परत केलेले हातउसने, भिशीचा हप्ता, शेताच्या मालाचे पैसे येतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळी विक्रीच वाटते. म्हणून दुकानाचे खाते आणि क्यूआर वेगळा ठेवा. क्यूआर काढला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल, कारण 2016 मध्ये यूपीआय आल्यापासून लोकांनी खिशात सुटे पैसे ठेवणे कमी केले आहे. साध्या यूपीआयवर दुकानदाराला शुल्कही नाही, ते जानेवारी 2020 पासून शून्य आहे.

फसवणुकीबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. गर्दीत कोणी फोनवरचा ‘पैसे गेले’ असा फोटो दाखवला तर मान डोलावू नका. तुमच्या काउंटरवरचा स्पीकर बोलला किंवा तुमच्या ॲपमध्ये जमा दिसली तरच माल द्या. सकाळी दुकान उघडताना क्यूआरच्या स्टिकरवर दुसरे स्टिकर चिकटवलेले नाही ना, हे नखाने खरवडून पाहा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

प्रश्न : मी घरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते. मुलीने एआयला सांगून चटणीचा सुंदर फोटो आणि मजकूर बनवला. तो वापरला तर चालेल का?
– एक वाचक, गुंजोटी

उत्तर : मजकूर चालेल, फोटो नको. एआयने काढलेल्या फोटोतली चटणी कोणी केलेली नाही. तो पाहून मागवणाऱ्याला तुमची चटणी हाती पडली की ती कितीही चवदार असली तरी ‘फोटोत वेगळी होती’ हेच वाटणार. तुमच्या परातीतली, खलबत्त्यात कुटताना शेंगदाण्याचे तेल सुटलेली चटणी दाखवा. मजकूर एआयकडून घेतलात तर मोठ्याने वाचून पाहा. जे वाक्य तुम्ही शेजारणीशी बोलणार नाही ते काढून टाका. ‘शुद्धतेची हमी’सारख्या शब्दांपेक्षा कधी कुटली, किती दिवस टिकते, वजन किती आणि किंमत काय, हे गिऱ्हाइकाला हवे असते. घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती करून घ्या आणि तो क्रमांक पाकिटावर छापा.

तुमच्या मालाला आळंद-कलबुर्गीकडेही मागणी होऊ शकते, कारण कडक भाकरी तिकडच्या घराघरांत आहे. कन्नड मजकूर एआय लगेच करून देईल, पण छापण्याआधी तो कन्नड बोलणाऱ्या एका माणसाला वाचायला द्या. आपल्या भागात असा माणूस शोधायला लांब जावे लागणार नाही.